कोल्हापूरचे थोरले नारळीकर

स्मरणिकेसाठी काहीही लिही, पण लिहीच, असा निरोप आपल्या ग्रुपवर आला. कॉम्प्युटरवर लिहिलं तर कोण वाचणार? म्हणून आपल्या गावच्या एका प्राध्यापकांविषयी लिहिते. नारळीकर म्हटलं की आपल्याला डॉ. जयंत नारळीकर आठवतात. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, हे आपण सामान्यज्ञानात पाठ केलं होतं. पण त्यांचे वडील प्रा. विष्णू वासुदेव नारळीकर हेही कोल्हापूरचेच, आणि तेही तेवढ्याच तोलाचे गणिती.

त्यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ चा. घरी वडील वासुदेवशास्त्री, म्हणजे संस्कृत विद्येचं वातावरण. मुंबईत १९२८ साली बीएस्सी करून ते केंब्रिजला गेले. तिथे रँग्लर झाले, खगोलशास्त्राचं टायसन पदक आणि पुढे रॅले पारितोषिक मिळवलं. आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत जगाला समजावून सांगणारे एडिंग्टन तेव्हा तिथेच होते. पुढे अमेरिकेत जाऊन संशोधन करण्याची वाट मोकळी होती. अशा वेळी पंडित मदनमोहन मालवीयांनी त्यांना बनारस हिंदू विश्वविद्यालयात बोलावलं. ते आले, आणि १९३२ साली, चोविशीत, गणित विभागाचे प्रमुख झाले.

मला या निर्णयाचं महत्त्व फार वाटतं. त्यांना केंब्रिजमध्ये जे ग्रंथालय, जी चर्चा आणि जे सहकारी मिळाले होते, ते बनारसमध्ये तयार मिळणार नव्हते. स्वतःच्या संशोधनाचा वेळ वर्ग, परीक्षा आणि विभागाचा कारभार यांत जाणार, हे उघड होतं. तरी त्यांनी तिथे अठ्ठावीस वर्षं काढली. त्या काळात भारतात सापेक्षतेवर काम करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांनी बनारसला त्याचं केंद्र केलं.

त्यांच्याकडे १९४२ साली गुजरातचे प्रल्हाद चुनीलाल वैद्य आले. सोबत बायको आणि तान्ही मुलगी, खर्चाला साठवलेले पैसे. राहिले जेमतेम दहा महिने. श्वार्झशिल्डने १९१६ साली ताऱ्याभोवतालच्या गुरुत्वाकर्षणाचं जे गणित मांडलं, त्यात ताऱ्याबाहेरची जागा रिकामी धरली होती. पण खरा तारा प्रकाश टाकतो, त्याच्याभोवतीची जागा रिकामी नसते. त्या प्रकाशासकट उत्तर वैद्यांनी बनारसमध्ये काढलं. ते १९४३ साली प्रसिद्ध झालं. वीसेक वर्षं त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. पुढे १९६३ साली क्वेसार सापडले आणि जगाला त्याची गरज कळली. आज ते वैद्यांच्या नावानेच ओळखलं जातं. नारळीकरांबरोबर काम केलेल्या के. आर. करमरकरांनी १९४८ साली मांडलेली एक अटही संशोधक आजतागायत वापरतात. दोन्ही ठिकाणी नाव शिष्याचं किंवा सहकाऱ्याचं आहे.

घरातही शाळाच होती. पत्नी सुमतीबाई, माहेरच्या हुजूरबाजार, संस्कृतच्या जाणकार. घरात मुलांसाठी फळे होते. शिकायला येऊन राहिलेले मोरूमामा त्यावर छोट्या जयंतसाठी अवघड गणित लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत.

नारळीकरांनी १९६० मध्ये बनारस सोडलं, राजस्थान लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं. त्यानंतर पुणे विद्यापीठात पुन्हा शिकवायला आले. १९९१ साली ते गेले, तेव्हा आपल्यातले बरेच जण कळंब्यात प्राथमिक शाळेत होतो.

हे सगळं मी आत्ताच का वाचलं? माझी मुलगी बारावीला आहे. तिला इंजिनिअरिंग नको, गणितात बीएस्सी करून पुढे शिकवायचं आहे. घरात पगाराचे आकडे मांडून झाले. मांडणारी अर्थात मीच, पेशाने इंजिनिअर. आमच्या क्षेत्रात पाच वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्रॅम जुना ठरतो, आणि बनारसमधल्या त्या दहा महिन्यांचं उत्तर ऐंशी वर्षांनंतरही चालतं, हा हिशोब मात्र मी मांडला नव्हता. तिचा अर्ज यंदा बीएस्सीलाच जाईल.

सर, बाई, तिची गणितं अडली तर मी तिला तुमच्याकडे पाठवणार आहे. फळा तयार ठेवा.