आचार्य धर्मानंद कोसंबी आणि पाली ग्रंथ
आचार्य धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे झाला. बुद्धधम्माच्या ओढीने त्यांनी घर सोडले, तेव्हा आपल्याकडील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत देवनागरी लिपीतील मूळ पाली ग्रंथ क्वचितच आढळत. त्यांना सिंहलद्वीप गाठून तेथील लिपीतून ते अभ्यासावे लागले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. हार्वर्ड विद्यापीठातील ‘विसुद्धिमग्गा’चे संपादन श्रेयाच्या मतभेदामुळे त्यांनी १९१२ मध्ये अर्ध्यावर सोडले; स्वाभिमानी पुरुषास ते साजेसेच होते. नंतर पुन्हा जाऊन त्यांनी ते पूर्ण केले. त्यांची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४० साली काढली. चऱ्होलीच्या मुलालाही वाचता येईल अशी. हार्वर्डची रोमन आवृत्ती मात्र १९५० साली निघाली. आचार्यांचे निधन त्यापूर्वीच, ४ जून १९४७ रोजी, सेवाग्राम येथे झाले होते.