उमेदवार बाबासाहेब

महामानव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आम्ही वर्गात शिकवतो, तेव्हा महाडचा सत्याग्रह, संविधान आणि दीक्षाभूमी यांचे वर्णन ओघाने येते. मतपेटीला सामोरा गेलेला उमेदवार मात्र बहुधा वगळला जातो. त्याचीही ओळख विद्यार्थ्यांना व्हावी, असे आम्हांस वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या महापुरुषाला १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघाचा हक्क सोडावा लागला. जागा राखीव झाल्या. पण त्यांवर कोणी बसावे, हे सवर्ण मतदारांचे बहुमत ठरवू लागले. स्वतंत्र मजूर पक्षाने १९३७ साली मुंबई प्रांतात चांगले यश मिळवले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मात्र १९४६ मध्ये दारुण अपयश आले.

१९५२ मध्ये बाबासाहेब उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाशी युती होती. तरीही काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि संविधानाच्या शिल्पकाराला १,२३,५७६ मते पडली. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही पराभवच पदरी आला.

अडचण दुहेरी होती. सवर्णांची मते दुर्लभ होतीच. शिवाय फेडरेशन हा एकाच जातीचा पक्ष आहे, हा समज चर्मकार, मातंग आदी बांधवांत पसरला होता. स्वतः काजरोळकर चर्मकार समाजातले होते. ज्यांच्या हक्कांसाठी बाबासाहेबांनी आयुष्य वेचले, त्या सर्वांचा विश्वास त्यांच्या पक्षाला मिळवता आला नाही, हे कटू सत्य इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्ही नाकारू शकत नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १९५७ च्या निवडणुकीत, आपल्या नांदेडमधून फेडरेशनचे हरिहरराव सोनुळे लोकसभेवर निवडून गेले. पराभवाने चळवळ संपली नव्हती, याची ती ग्वाही होती.

आज नांदेड-लातूरच्या गावागावांत बौद्ध, मातंग आणि चर्मकार वस्त्या शेजारी असूनही मतदानाच्या दिवशी परक्या होतात. निवासी शाळेत मात्र त्यांची मुले एका पंगतीत जेवतात, एका दिव्याखाली अभ्यास करतात. ही पंगत शाळेच्या फाटकाबाहेरही टिकली, तरच १९५२ च्या त्या पराभवापासून आम्ही काही शिकलो असे म्हणता येईल.