दोर तुटेल हे गृहीत धरणारा अभियंता

नायट्रो इंधनावर धावणारा रेडिओनियंत्रित ट्रक दिसायला खेळणे असला, तरी त्याचा वेग खेळण्यासारखा नसतो. हातातील ट्रान्समीटरचा संदेश त्याच्यापर्यंत पोहोचेनासा झाला किंवा त्यातील रिसीव्हरची बॅटरी उतरली, तर थ्रॉटल उघडेच राहून तो समोर येईल त्यावर आदळू शकतो. म्हणून जाणकार हौशी मंडळी रिसीव्हर आणि थ्रॉटल हलविणारी सर्व्हो मोटर यांच्या मध्ये ‘फेलसेफ’ नावाचे एक छोटे उपकरण बसवितात. ट्रान्समीटरवर ब्रेकची स्थिती धरून ती या उपकरणात नोंदवायची, मग चाके जमिनीपासून उचलून ट्रान्समीटर बंद करून पाहायचा. संदेश तुटताच थ्रॉटल मिटून ब्रेक लागला, तरच ट्रक मैदानात सोडायचा. बिघाड कधी तरी होणारच आणि त्या क्षणी यंत्राने आपणहून सुरक्षित स्थितीत जावे, हा त्यामागचा विचार. रेडिओलहरींवर वाहन चालविण्याचे आरंभीचे प्रयोग आणि बिघाडाची आगाऊ तजवीज, या दोन्ही गोष्टी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या होत्या. स्पेनचे लिओनार्दो तोरेस केवेदो हे त्यांचे नाव.

तोरेस केवेदो यांचा जन्म 28 डिसेंबर 1852 रोजी उत्तर स्पेनमधील कान्ताब्रिया प्रांतात, सान्ता क्रूस दे इगुन्या या खेड्यात झाला. वडील रेल्वेचे अभियंता. बालपण बिल्बाओत गेले, काही शिक्षण पॅरिसमध्ये झाले आणि पुढे माद्रिदच्या स्थापत्य अभियांत्रिकी विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. मध्येच यादवी युद्ध पेटले. बिल्बाओला वेढा पडला, तेव्हा शिक्षण थांबवून ते शहराच्या रक्षणासाठी स्वयंसेवक म्हणून दाखल झाले. 1876 मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी काही काळ रेल्वेच्या कामात काढला. पण नोकरीत मन रमले नाही. आप्तांकडून वारसाहक्काने आलेल्या संपत्तीमुळे पोटापाण्याची चिंता नव्हती. युरोपभर प्रवास करून नवे विज्ञान पाहावे आणि घरी परतून त्यावर चिंतन करावे, असा मार्ग त्यांनी निवडला. 1885 मध्ये लूस पोलान्को यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

त्यांच्या पहिल्या मोठ्या संशोधनाची प्रयोगशाळा घराजवळची दरीच होती. तिच्यावर दोर ताणून त्यांनी पाळणा बांधला. तो ओढायला गायींची जोडी होती. या गावठी वाटणाऱ्या प्रयोगात एक मूलगामी कल्पना दडली होती. तोवर असे दोर दोन्ही टोकांना घट्ट बांधले जात. पाळणा मध्यावर आला की ताण वाढे. एक दोर तुटला, तर त्याचा भार एकाएकी उरलेल्या दोरांवर पडे आणि तेही तुटण्याची भीती असे. तोरेस केवेदो यांनी प्रत्येक दोराचे एकच टोक पक्के बांधले. दुसरे टोक कप्पीवरून नेऊन त्याला ठरावीक वजन टांगले. आता दोरातील ताण त्या वजनाएवढाच राहणार होता, मग पाळणा कुठेही असो वा त्यात कितीही माणसे बसोत. एखादा दोर तुटलाच, तर पाळणा थोडा खाली येऊन पुन्हा तोल साधणार होता. उरलेल्या दोरांवरचा ताण मात्र वाढणार नव्हता. दोर तुटणारच नाही अशी हमी त्यांनी दिली नाही. तो तुटला तरी माणूस वाचेल, अशी रचना केली.

1887 मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. पर्वतांच्या देशात तिचे स्वागत होईल, या आशेने त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये योजना मांडली. परंतु तिथे ती नाकारली गेली आणि वृत्तपत्रांनी थट्टाही केली. माणसांना घेऊन जाणारा त्यांचा रोपवे सान सेबास्तियनजवळच्या उलिया डोंगरावर सुरू व्हायला 1907 साल उजाडले. पेटंट आणि पहिली सार्वजनिक फेरी यांत वीस वर्षे गेली.

दरम्यान ते स्वस्थ बसले नव्हते. बीजगणिती समीकरणे सोडविणारी यंत्रे त्यांनी घडविली. 1901 मध्ये माद्रिदच्या विज्ञान अकादमीत त्यांना स्थान मिळाले. त्यानंतर हवाई जहाजाचा ध्यास लागला आणि तेथेच पुन्हा जुना प्रश्न उभा राहिला. नव्या आराखड्याचे जहाज पहिल्यांदा आकाशात सोडताना त्यात माणूस बसवायचा कसा? चाचणी फसली, तर त्याचा जीव जाणार. त्यावर उत्तर म्हणून त्यांनी दूरनियंत्रणाचे यंत्र तयार केले. त्याचे नाव तेलेकिनो. 1903 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ते सादर झाले.

रेडिओलहरींनी होडी चालविण्याचे प्रात्यक्षिक निकोला टेस्ला यांनी 1898 मध्येच न्यूयॉर्कमध्ये दाखविले होते. तेलेकिनोचे वैशिष्ट्य वेगळे होते. बिनतारी तारयंत्राच्या किल्लीने संदेशाचे ठोके पाठवायचे, प्रत्येक ठोक्यासरशी ग्राहक यंत्रातील चाक एक घर पुढे सरकायचे आणि जितके ठोके, त्याप्रमाणे ठरलेली क्रिया व्हायची. सुकाणू किती वळवायचे, गती किती ठेवायची, हे अशा रीतीने दुरून ठरविता येई. पहिल्या चाचण्यांसाठी त्यांनी तीनचाकी गाडी निवडली. माद्रिदमध्ये वीस-तीस मीटर अंतरावरून ती चालविली गेली. पुढे प्रयोग पाण्यावर आले. 25 सप्टेंबर 1906 रोजी बिल्बाओच्या बंदरात, राजा तेरावा आल्फोन्सो आणि मोठ्या जनसमुदायासमोर, किनाऱ्यावरील क्लबच्या गच्चीवरून त्यांनी ‘विस्काया’ ही विजेवर चालणारी होडी दोन किलोमीटरहून अधिक अंतरावर नेऊन दाखविली. होडीत माणसे बसली होती. प्रयोग यशस्वी झाला. पैसा मात्र उभा राहिला नाही. अर्थसाह्याअभावी तेलेकिनोचे पुढील काम त्यांना सोडून द्यावे लागले.

त्यांच्या हवाई जहाजांना अधिक चांगले दिवस आले. ‘आस्त्रा’ या फ्रेंच कंपनीने त्यांचा आराखडा स्वीकारला आणि आस्त्रा-तोरेस जहाजे पहिल्या महायुद्धात फ्रान्स व ब्रिटनने वापरली. 1914 मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी बुद्धिबळ खेळणारे यंत्र दाखविले. राजा आणि हत्ती यांच्या बळावर ते समोरच्या एकट्या राजाला मात देई. यातही त्यांचा स्वभाव उमटला होता. प्रतिस्पर्ध्याने नियमबाह्य खेळी केली, की दिवा लागे. अशी चूक तीनदा झाली, की यंत्र खेळणे थांबवी. चुकीच्या माहितीवर पुढे जाण्यापेक्षा थांबणे बरे, हे त्या यंत्रालाही शिकविलेले होते. स्वयंचलित यंत्रांविषयीचा त्यांचा महत्त्वाचा प्रबंधही त्याच वर्षीचा.

स्वित्झर्लंडने नाकारलेल्या रोपवेचे सर्वांत भव्य रूप कॅनडात साकारले. नायगरा नदीच्या प्रचंड भोवऱ्यावर, सहा पोलादी दोरांवरून जाणारा 539 मीटर लांबीचा रोपवे 8 ऑगस्ट 1916 रोजी जनतेसाठी खुला झाला. बांधकामावर त्यांचे चिरंजीव गोन्झालो यांनी देखरेख केली होती.

तोरेस केवेदो यांचे अखेरचे दिवस मात्र अशांततेत गेले. तारुण्यात एक यादवी युद्ध पाहिलेल्या या माणसाच्या वार्धक्यात दुसरे युद्ध दाराशी आले. माद्रिदवर हल्ले सुरू असतानाच 18 डिसेंबर 1936 रोजी, वयाची 84 वर्षे पुरी होण्यास दहा दिवस उरले असताना, तेथेच त्यांचे निधन झाले. युद्धाच्या धुमाळीत जगाला या मृत्यूची फारशी दखल घेता आली नाही. तेलेकिनोला विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली ती 2007 मध्ये. नायगराच्या भोवऱ्यावरील पाळण्याने 2016 मध्ये शंभरी पूर्ण केली. मधल्या काळात त्याची अनेकदा डागडुजी झाली. पण त्याच्या मुळाशी कान्ताब्रियाच्या दरीत, गायींच्या जोडीवर आजमावलेलीच कल्पना आहे.