डॉ. आनंदीबाई जोशी : पडद्याआडच्या रुग्णांसाठी
डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला.

पोटाचे दुखणे तपासायचे, तर रुग्णाला उताणे निजवून, गुडघे दुमडून पोट सैल सोडायला सांगावे लागे, आजही लागते. परपुरुषासमोर त्या काळची कुलीन स्त्री यास धजत नसे. मग नाडीवर आणि घरच्यांनी सांगितलेल्या लक्षणांवरच औषध ठरे. तपासणारा हात स्त्रीचाच हवा, हे आनंदीबाईंनी ओळखले.

१८८३ मध्ये त्या पतीविना अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. प्रबंधही हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाचा स्त्री-विभाग त्यांच्याकडे सोपविण्यात आला. पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, अवघ्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरचा तो विभाग त्यांच्या हाती कधी आलाच नाही.