वसईचे संत गोन्सालो गार्सिया

योना प्रवक्त्याची कथा आपल्या मुलांच्या ध्यानात राहते ती त्या प्रचंड मत्स्यामुळे. परंतु कथेचे मर्म मत्स्यात नाही, असे आम्हांस वाटते. देवाने निनवेची वाट दाखविली असता योना उलट दिशेच्या तारवात चढला. पुढे वादळ उठले, तेव्हा हे अरिष्ट आपल्यापायी आले असून आपणांस समुद्रात टाकावे, असे त्याने आपण होऊन खलाशांस सांगितले. पाचारणापासून दूर जाणारे पुष्कळ. परिणामांचा भार आपल्या माथी घेणारे थोडे. अशा थोड्यांपैकी एक आपल्याच महाराष्ट्र देशी जन्मास आले. महोत्सवाच्या ह्या पुस्तिकेत त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

संत गोन्सालो ह्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईस झाला. वसईचा मुलूख १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. वडील पोर्तुगीज, आई ह्याच भूमीची. किल्ल्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास फादर सेबास्तियांव गोन्साल्वीस ह्यांच्या समागमे ते जपानास गेले. मुलाने तेथील भाषा अल्पावधीत अशी आत्मसात केली की, धर्मोपदेशकाचे काम त्यांजवर सोपविण्यात आले. सुमारे आठ वर्षे ते जपानी खेड्यांतून आणि नगरांतून हिंडत लोकांस ख्रिस्ताची ओळख करून देत होते.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती पुरी झाली नाही. वर्षांमागून वर्षे लोटली आणि द्वार बंदच राहिले. अखेर खिन्न मनाने त्यांनी ते कार्य सोडले, मकावकडे प्रयाण केले आणि तेथे व्यापार मांडला. हुशारी अंगी होतीच, भाषा येत होती, सचोटीचा लौकिक होता. थोड्याच वर्षांत पेढी भरभराटीस आली.

ह्यास पळणे म्हणावे काय? ज्यास दारातून आत घेतले नाही त्यास पळपुटा म्हणणे न्यायाचे नव्हे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. तथापि आमचे मत थोडे निराळे आहे. येशूसंघाचा झगा हे पाचारणाचे एक रूप होते. पाचारण होते ते जपानी लोकांकरिता. झगा मिळाला नाही म्हणून ते लोकही मागे पडले, ही गोष्ट गोन्सालो ह्यांच्या अंतःकरणास सलत असली पाहिजे. एरवी भरल्या पेढीवरून कोणी सहजासहजी उठत नाही.

व्यापाराच्या निमित्ताने ते मनिलास जात. तेथे संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या संघाच्या गरीब बंधूंशी त्यांचा सहवास घडला, आणि धनदौलतीचा त्याग करून ते त्या संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. ज्या संघाचे दार त्यांनी प्रथम ठोठावले तो हा नव्हे, आणि धर्मगुरुपदही हे नव्हे. परंतु पाचारण पुन्हा जुन्याच ठिकाणाहून आले. फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस वकील नेमून जपानास धाडले, तेव्हा दुभाष्या म्हणून बंधू गोन्सालो ह्यांची निवड झाली. (त्याच वर्षी डिसेंबरात दूर सव्हॉय प्रांतात एका तरुणास गुरुदीक्षा मिळत होती, ते आमच्या नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स.)

दुभाष्याचे काम हलके समजू नये. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याने १५८७ मध्येच मिशनऱ्यांस देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढला होता. येशूसंघीय तेथेच राहिले होते, पण सावधपणे, गाजावाजा न करता. अशा राजापुढे वकिलातीचा प्रत्येक शब्द गोन्सालो ह्यांच्या मुखातून जात होता व येत होता. राहण्याची परवानगी मिळाली. मियाको, म्हणजे आजचे क्योतो, येथे बंधूंनी मंदिर उभारले, महारोग्यांकरिता दवाखाने चालविले आणि उघडपणे उपदेश आरंभिला. हा उघडेपणा धोक्याचा आहे, असे जुन्या जाणत्या येशूसंघीयांचे म्हणणे होते. दोन संघांत त्यावरून वाद झाला. कोण बरोबर, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाही. मात्र धोका खरा होता, हे पुढे दिसून आले.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोस निघालेले ‘सान फेलिपे’ नावाचे जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागले. त्यावरील माल जप्त झाला. मिशनरी हे स्पेनच्या राजाच्या फौजेचे अग्रदूत असतात, अशा आशयाचे काही त्या जहाजाचा सुकाणूधारी बोलून गेला, असे सांगतात. हिदेयोशीचा क्रोध भडकला. ह्याच जहाजात मेक्सिकोचे फेलिपे दे हेसूस होते. तेही पूर्वी फ्रान्सिस्कन मठातून निघून गेले होते, मनिलास व्यापारात रमले होते आणि पुन्हा संघात परतले होते! योनाच्या वादळाची आठवण येथे कोणास होणार नाही?

डिसेंबरात क्योतो व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले. बंधूंबरोबर त्यांचे जपानी सोबतीही धरले गेले. धनुष्यबाण करणारे मिगेल कोझाकी होते, आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा तोमास होता. यादीतील मथियास नावाचा सेवक घरी नव्हता. त्याच नावाचा एक शेजारी पुढे झाला आणि त्याच्या जागी गेला. हे सारे ज्या उपदेशाने आले, त्यात गोन्सालो ह्यांच्या जिव्हेचा वाटा केवढा होता, हे निराळे सांगावयास नको. ह्या माणसांना सोडून मकावची वाट धरणारे गोन्सालो आता उरले नव्हते.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि त्यांस गाड्यांतून मिरविले. मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा सुमारे महिन्याभराचा प्रवास झाला. वाटेत बंदिवानांची सेवा करणारे दोघे जणही धरले गेले आणि चोविसांचे सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, सतरा प्रापंचिक. ५ फेब्रुवारी रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांस क्रुसांवर बांधून भाल्यांनी भोसकले. गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचे होते. ज्या येशूसंघाने त्यांस घेतले नव्हते, त्याचेही तिघे त्याच टेकडीवर होते.

पोप आठवे अर्बन ह्यांनी १६२७ मध्ये त्यांस धन्यवादित ठरविले, आणि पोप नववे पायस ह्यांनी ८ जून १८६२ रोजी सव्वीसही जणांस संतपद दिले. दरम्यान १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांनी जिंकला होता. रोमच्या सर्वसामान्य पंचांगात ६ फेब्रुवारीस संत पॉल मिकी व सहकारी हुतात्मे ह्यांचे स्मरण असते. त्या सहकाऱ्यांत वसईचे बंधू गोन्सालो आहेत, आणि परक्याच्या जागी गेलेला तो शेजारी मथियासही आहे.