रमाबाई रानडे यांची भाषासाधना

मातृभाषा आपल्याला मुद्दाम कोणी शिकवीत नाही. आईच्या कडेवर, जात्यापाशी, अंगणात ती कानांवाटे आपोआप आत येते. अक्षरे आणि परकी भाषा मात्र कष्टानेच मिळवावी लागतात. हे कष्ट कै. रमाबाई रानडे यांनी कसे सोसले, ते आपण प्रत्येकीने ध्यानी ठेवण्यासारखे आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. माहेरी मुलींना शिकविण्याची चाल नव्हती. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्या माधवराव रानडे यांच्या पत्नी झाल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी लग्न होताच श्रीगणेशा घालून दिला. बोली तोंडात होतीच. त्यामुळे मराठी वाचन लवकर अंगवळणी पडले.

पुढे इंग्रजी सुरू झाले आणि खरी परीक्षा लागली. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे खपेना. टोमणे झाले, अबोला झाला. पुण्यास मिस हरफर्ड नावाच्या बाई शिकवावयास येत. त्या ख्रिस्ती, म्हणून सोवळ्याचा प्रश्न उभा राहिला. रमाबाईंनी थोरांना उलट उत्तर दिले नाही आणि पाठही सोडला नाही. दिवसा घरकाम व रात्री अभ्यास, असा त्यांचा नेम होता.

१८८६ साली माधवराव सरकारच्या फायनान्स कमिटीवर नेमले गेले. त्या निमित्ताने कलकत्त्यास राहणे झाले. तेथे माधवरावांनी बंगाली पुस्तके आणली आणि दाढी करावयास येणाऱ्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारू लागले. एवढा विद्वान गृहस्थ न्हाव्याचा शिष्य झालेला पाहून रमाबाईंना संकोच वाटला. पण ज्याला येते तो गुरू, ही खूण त्यांना पटली. पुढे त्याही बंगाली शिकल्या.

निरक्षर आलेल्या या मुलीने १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य उभारण्यात पुढाकार घेतला, आणि १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींनी मराठी वाङ्मयात मानाचे स्थान मिळविले. १९२४ साली त्या निवर्तल्या.

आपल्यापैकी कित्येकींची माहेरची बोली निराळी, सासरची निराळी. कोणास इंग्रजी वाचण्याची हौस आहे, पण वय झाले असे वाटते. त्यांनी रोज थोडे वाचावे, चुकत का होईना बोलावे, आणि विचारण्यास कोणापाशीही लाजू नये. रमाबाईंची वाट हीच होती.