विश्लेषण : शाळा, स्थलांतर आणि बाळंतपण… मुंबईचे आमदार म्हणून डॉ. आंबेडकरांनी काय मागितले होते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आधी संविधान आठवते, मग महाडचे चवदार तळे, मग नागपूरची दीक्षाभूमी. पण त्यांच्या कायदेमंडळातील कामाची सुरुवात दिल्लीत नाही, मुंबईत झाली. १९२७ पासून ते मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात नियुक्त सदस्य म्हणून बसू लागले आणि १९३७ मध्ये लोकांनी निवडून दिलेले आमदार झाले. या काळात त्यांनी मांडलेले प्रश्न आजच्या कुठल्याही निवडणुकीत ऐकू येतील असे आहेत. शाळेवर सरकार किती खर्च करते, गाव सोडून शहरात आलेल्या माणसाला कोणते हक्क आहेत आणि मूल कधी होऊ द्यायचे हे कोणी ठरवायचे? यातल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल सर्वांत कमी बोलले जाते.

गिरणगावातला उमेदवार

आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. पण त्यांचा जन्म तिथला नाही. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते, त्यामुळे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म मध्य भारतातल्या महू छावणीत झाला. पुढे दापोली, सातारा आणि मग मुंबई असा या कुटुंबाचा प्रवास झाला. साताऱ्यात असतानाच आई भीमाबाई गेल्या. मुंबईत परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच स्वयंपाक, झोप आणि अभ्यास. कोकणातून गिरणीत कामाला आलेली हजारो कुटुंबे त्याच परिसरात तशीच राहत होती.

या खोलीतून एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज आणि १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, असा पुढचा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. लंडनहून अर्थशास्त्रातली डी.एस्सी. आणि बॅरिस्टरची सनद घेऊन ते १९२३ मध्ये परतले, तेही पुन्हा परळलाच. पुढच्या वर्षी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नव्हती, मजूर होता. जाहीरनाम्यात शेतकरी कुळांना संरक्षण, कारखान्यातील कामाच्या तासांवर मर्यादा, पगारी रजा, कामगारांसाठी स्वस्त आणि आरोग्यदायी घरे, तांत्रिक शिक्षण अशा मागण्या होत्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये निवडणूक झाली. प्रौढ मताधिकार अजून आलेला नव्हता. कर, मालमत्ता, शिक्षण यांच्या अटींत बसणाऱ्यांनाच मत देता येत असे. म्हणजे ज्यांच्यासाठी पक्ष काढला, त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते.

भायखळा-परळमधील राखीव जागेवर काँग्रेसने त्यांच्यासमोर उभे केले ते बाळू पालवणकर यांना. आजच्या पिढीला हे नाव फारसे माहीत नसेल. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे हे डावखुरे फिरकी गोलंदाज चर्मकार समाजातून आलेले होते, आणि तरुण आंबेडकरांना त्यांचे मोठे कौतुक होते. पुढे पुणे कराराच्या वेळी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. निकाल एकतर्फी नव्हता. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. पक्षाने १७ जागा लढवून १४ जिंकल्या. १७५ जणांच्या सभागृहात हा गट छोटा होता, पण विरोधी बाकांवर त्याचा आवाज मोठा होता.

१४ आणे आणि दोन रुपये

शिक्षणाबद्दलची त्यांची भूमिका मात्र त्याच्या दहा वर्षे आधीच स्पष्ट झाली होती. मार्च १९२७ मध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना या अर्थतज्ज्ञाने भावनेला हात घातला नाही, हिशेब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूवरील अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून थोडे अधिक वसूल करते. लोकांकडून दारूपोटी जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

दुसरा आकडा गळतीचा. पहिलीत दाखल होणाऱ्या दर शंभर मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचत होती. मूल शाळेत आले, नाव पटावर चढले आणि दोन वर्षांत गळाले, तर त्यावरचा खर्च वाया जातो. प्राथमिक शिक्षणाचा हेतू मूल आयुष्यभर साक्षर राहावे हा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्या वेगाने सगळी मुले शाळेत यायला ४० वर्षे लागतील आणि सगळ्या मुली यायला ३०० वर्षे, हा अहवालातला अंदाजही त्यांनी सभागृहापुढे ठेवला.

महाविद्यालयांच्या खर्चाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो, याला त्यांचा आक्षेप होता. हा व्यापार झाला, असे त्यांचे मत होते. जे समाज नुकतेच शाळेच्या दारात आले आहेत, त्यांच्यासाठी उच्च शिक्षण जितके स्वस्त करता येईल तितके करावे. फीवाढीविरोधात मोर्चे काढणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांना हे भाषण ओळखीचे वाटेल.

भाषणांवर ते थांबले नाहीत. १९२५ मध्येच सोलापुरात वसतिगृह सुरू झाले होते. खेड्यातल्या दलित मुलाला शाळा मिळाली तरी शहरात राहायला खोली मिळत नाही, ही साधी अडचण त्यामागे होती. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले.

खोताच्या गावातून गिरणीच्या दारात

मुंबईच्या गिरण्यांमध्ये रत्नागिरीचा माणूस इतका का होता? एक मोठे कारण खोती. कोकणातल्या अनेक गावांत सरकारचा सारा गोळा करण्याचा हक्क खोताकडे असे. कूळ जमीन कसायचे, पण त्याच्या पिकावर आणि बऱ्याचदा त्याच्या श्रमावरही खोताचा ताबा असे. गावात पोट भरत नाही म्हणून माणूस बोटीत बसून मुंबईला येई.

आंबेडकरांनी या स्थलांतराची दोन्ही टोके धरली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. सरकार हलेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी कोकणासह अनेक भागांतले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडावे लागले.

दुसरे टोक गिरणीत होते. गावात जात मागे टाकून शहरात आलो, असे वाटणाऱ्या दलित कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला इतर कामगार हात लावायला तयार नसत. पगार मात्र त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला, यात नवल नाही.

तरीही दहा वर्षांनी ते त्याच कम्युनिस्ट नेत्यांबरोबर उभे राहिले. संपावर निर्बंध घालणाऱ्या औद्योगिक तंटा विधेयकाविरोधात ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. काम नाकारण्याचा हक्क नसेल तर ती गुलामीच, अशी त्यांची भूमिका होती.

मूल कधी, हे कोणी ठरवायचे?

संपानंतर तिसऱ्या दिवशी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, त्यांच्याच पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी विधानसभेत एक अशासकीय ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी सोयी उपलब्ध करून द्याव्यात, अशी मागणी त्यात होती. आंबेडकर त्या दिवशी सभागृहात नव्हते. त्यांचे भाषण रोहम यांनी वाचून दाखवले.

काळ लक्षात घ्यायला हवा. कृत्रिम साधनांना गांधीजींचा उघड विरोध होता आणि मुंबईत सरकार काँग्रेसचे होते. संततिनियमनाचे केंद्र चालवणारे र. धों. कर्वे यांची प्राध्यापकाची नोकरी गेली होती. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये कोर्टात कर्व्यांची बाजू मांडणारे वकील होते बॅरिस्टर आंबेडकर. वाचकांनी लैंगिक प्रश्न विचारले आणि संपादकाने शास्त्राच्या आधारे उत्तर दिले, तर त्यात गुन्हा कुठला, हा त्यांचा युक्तिवाद होता. खटला ते हरले. कर्व्यांना दंड झाला.

१९३८ च्या भाषणात गरिबीचा मुद्दा होताच. खाणारी तोंडे वाढली की घरात शाळेसाठीही काही उरत नाही आणि औषधासाठीही नाही. ब्रह्मचर्याने संयम पाळावा हा सल्ला बहुतेक माणसांना झेपणारा नाही आणि साधने मिळाली म्हणून नीती बिघडते हेही त्यांना मान्य नव्हते. पण भाषणाचा गाभा वेगळा आहे. प्रसूतीच्या वेदना आणि धोका बाई सोसते. म्हणून कोणत्याही कारणाने तिला मूल नको असेल तर ते टाळण्याचे साधन तिच्या हाती असले पाहिजे आणि अपत्यजन्म पूर्णपणे तिच्या इच्छेवर अवलंबून असावा. लोकसंख्येचा युक्तिवाद त्या काळात आणखी काही जण करत होते. बाईच्या इच्छेला शेवटचा शब्द देणारे भारतातल्या विधानसभेत फार थोडे होते.

ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

या विषयाला त्यांच्या घरातली एक बाजू होती. रमाबाई आणि त्यांना पाच मुले झाली. यशवंत सोडून चारही लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. रमाबाईंची प्रकृती ढासळत गेली आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. भाषणात याचा उल्लेख नाही. पण बाळंतपणाचा विषय त्यांनी त्याआधीही हाती घेतला होता. जुलै १९२८ मध्ये गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा देताना, आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, त्यामुळे भार सरकारनेही उचलावा, आणि तिच्या कामावर नफा कमावणाऱ्या मालकालाही तो टाळता येणार नाही, असे त्यांनी मांडले. मुंबईचा प्रसूती लाभ कायदा १९२९ मध्ये झाला.

या कामगिरीला एक डागही आहे, तोही सांगायला हवा. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. युद्धामुळे कोळशाचा तुटवडा पडला आणि सरकारने १९४३ मध्ये बायकांना पुन्हा खाणीत, जमिनीखाली, कामाला जाऊ देण्याचा निर्णय घेतला. महिला संघटनांनी कडाडून टीका केली. तात्पुरती गरज आणि पुरुषांइतकीच मजुरी, असे सांगत केंद्रीय सभागृहात त्यांनी निर्णयाचे समर्थन केले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

फाळणी, निर्वासित आणि स्वतःची गेलेली जागा

संविधान सभेत त्यांना पहिल्यांदा मुंबईने पाठवले नव्हते. १९४६ मध्ये ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने निवडून आले. फाळणी झाली आणि ती जागा गेली. मग बॅरिस्टर मु. रा. जयकर यांनी सोडलेल्या जागेवर जुलै १९४७ मध्ये मुंबईतून ते पुन्हा आले.

फाळणीत पाकिस्तानात अडकलेल्या दलितांबद्दल कोणी फारसे बोलत नव्हते. सफाईचे काम अत्यावश्यक ठरवून त्यांना तिथून निघू दिले जात नव्हते. डिसेंबर १९४७ मध्ये आंबेडकरांनी याबद्दल पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले.

ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमे त्यांनी सभेपुढे मांडली. इथे त्यांच्यासमोर उभे होते विदर्भाचे पंजाबराव देशमुख. जन्माच्या आधारे नागरिकत्व फार स्वस्त होते, अशी देशमुखांची तक्रार होती आणि इतर देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू किंवा शीख माणसाला भारतात हक्क असावा, अशी त्यांची दुरुस्ती होती. पाकिस्तानातून परवाना घेऊन परतणाऱ्यांना नागरिकत्व देण्यावरूनही वाद पेटला. दुरुस्ती फेटाळली गेली. धर्माचा उल्लेख न करता जन्म, वास्तव्य आणि आई-वडिलांचे जन्मस्थान यांवर आधारलेली कलमे संमत झाली. पुढचे तपशील संसदेने ठरवावेत, अशी तरतूद राहिली. देशात कुठेही जाण्याचे आणि राहण्याचे स्वातंत्र्य कलम १९ मध्ये आले. कोकणातून बोटीने येणाऱ्या माणसाला ते आधी कागदावर मिळालेले नव्हते.

मतदारांनी काय केले?

प्रौढ मताधिकार आला आणि गिरणगावातल्या प्रत्येकाला मत मिळाले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत आंबेडकर उत्तर मुंबईतून उभे राहिले. हिंदू कोड बिल रखडल्यामुळे त्यांनी आदल्या सप्टेंबरमध्येच कायदामंत्रीपदाचा राजीनामा दिला होता. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. राज्यसभेत मात्र ते अखेरपर्यंत होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईत आणून दादरच्या 'राजगृह'मध्ये ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी लाखोंचा जमाव दादर चौपाटीच्या दिशेने निघाला, तेव्हा शहरातल्या अनेक गिरण्यांमधले कामगार कामावर गेले नव्हते.